मेधास, हप्त्याबद्दल

चि. मेधास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू न जेवता निघालीस. ताम्हिणीत पाऊस होता असं आई म्हणाली, म्हणजे तिला तू फोन केलास, बरं केलंस. फाईल ओटीवरच राहिली आहे. काल दुपारी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. बायकांच्या पर्यटन व्यवसायासाठी घेतलेल्या कर्जाचं व्याज सरकार परत देतं त्या 'आई' योजनेचा अर्ज, पर्यटन संचालनालयाची कागदपत्रं, खर्चाचं अंदाजपत्रक आणि माझ्या संमतीपत्राची कोरी जागा. अंदाजपत्रक फार नेटकं झालं आहे. मागच्या पडवीच्या जागी चार खोल्या, सौर बंब, टाकीची जागा, सगळं विचार करून मांडलंस. आपल्या घराचा असा कागद या घरात आजवर कुणी केला नव्हता. मी तो दोनदा वाचला आणि नानांनाही दाखवला.

कर्जाबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे. तू बरी आहेस ना? डबा लावलास की अजून बाहेरचंच खातेस?

योजना चांगली आहे, यात माझं दुमत नाही. व्यवसाय बाईच्याच मालकीचा हवा, ही अट मला मनापासून पटली. आपल्या दिवेआगरात पाहुण्यांचा स्वैपाक बायकांनी केला, चादरी बायकांनी धुतल्या आणि पाट्या आम्हा पुरुषांच्या नावाच्या लागल्या. तुझ्या नावाची पाटी लागली तर सगळ्यात आधी मी फाटकाशी उभा राहून बघेन. पण 'व्याज सरकार देणार' हे तू जे सारखं म्हणत होतीस, ते मी कागद घेऊन मांडलं. १५ लाख, १२ टक्के, सात वर्षं. महिन्याचा हप्ता साडेसव्वीस हजारांच्या आसपास. परतावा साडेचार लाखांपर्यंतच, आणि व्याज पहिल्या वर्षांत जास्त असतं, म्हणून तिसरं वर्ष संपता संपता ते साडेचार लाख संपतात. पुढची चार वर्षं पुरा हप्ता तुझा. आणि परतावा म्हणजे आधी तू भरायचं, तेही वेळेवर. जूनपासून गणपतीपर्यंत गावात चिटपाखरू नसतं, तेव्हाही.

झालं, आलोच मी तिथं.

तू तेव्हा शाळेत होतीस, वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. २४ मार्च २०१२. सुवर्णगणेशाची मूर्ती चोरीला गेली, दोन राखणदारांचे जीव गेले. त्या वर्षीचा मे तुला आठवतो का? समुद्र तोच, केवड्याचं बन तेच, रूपनारायणाचं देऊळ जागेवर. माणसं मात्र येईनात. आई मोदकाचं पीठ शेजारी वाटून टाकत होती. वादळ झालं तर तलाठी येतो, पंचनामा होतो. लोकांनी गावाकडे पाठ फिरवली याचा पंचनामा होत नाही, त्याला कुठलंही पॅकेज नाही. तेव्हा आपल्या डोक्यावर कर्ज नव्हतं म्हणून आपण पेज खाऊन तो काळ काढला.

मग २०२०. मार्चमध्ये टाळेबंदी, अख्खा मे गेला, आणि ३ जूनला निसर्ग वादळ. तू पुण्यात अडकली होतीस, फोन लागत नव्हते, म्हणून त्या दुपारचं तुला कुणी नीट सांगितलं नाही. वाऱ्याचा आवाज थांबला तेव्हा मी मागं गेलो. आजीच्या हातच्या पोफळी एकावर एक आडव्या पडल्या होत्या, विहिरीवरून शेजारच्या वाडीतला नारळ दिसत होता, इतकं मोकळं झालं होतं. आई काही बोलली नाही. ती कौलं वेचायला लागली. मदत आधी जाहीर झाली हेक्टरी ५० हजार. आपल्याकडे वाड्या गुंठ्यांत. दहा गुंठ्यांना त्या हिशेबानं पाच हजार येतात. ओरड झाल्यावर झाडामागं पैसे ठरले, पोफळीला ५० रुपये आणि माडाला २५०. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. तेव्हा लावलेल्या रोपांना आता कुठे सुपारी दिसू लागली आहे. पुढच्या खेपेला आलीस की बघ, विहिरीकडची ओळ फार छान आली आहे.

पर्यटनवाल्यांना काय मिळालं, तेही सांगतो, कारण तू म्हणालीस की संकट आलं तर सरकार पाठीशी उभं राहतं. उभं राहिलं, खोटं बोलणार नाही. मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलता आले. पण त्या महिन्यांचं व्याज चालूच राहिलं. सरकारनं भरलं ते फक्त व्याजावरचं व्याज. केंद्राच्या हमीवरचं तातडीचं कर्ज आलं, मार्च २०२१ मध्ये त्यात हॉटेल आणि पर्यटनही घेतलं. ते मिळायचं ज्यांचं २९ फेब्रुवारी २०२० ला आधीच कर्ज होतं त्यांना. आपण कुणाचे देणेकरी नव्हतो, म्हणून बसत नव्हतो. जून २०२१ मध्ये पर्यटन व्यावसायिकांना १० लाखांपर्यंत आणि गाईडना १ लाखापर्यंत शंभर टक्के हमीचं कर्ज जाहीर झालं. केंद्राच्या मान्यतेचे असे व्यावसायिक देशभरात हजाराच्या आसपास. त्याच वेळी पाच लाख परदेशी पर्यटकांना मोफत व्हिसा. आपल्याकडे येतो तो चिंचवडचा आणि डोंबिवलीचा माणूस, मुलांना घेऊन, गाडीच्या टपावर सामान बांधून.

म्हणजे मदत म्हणून जे आलं, ते बहुतेक कर्जच. हमी द्यायला तिजोरीतून त्या दिवशी काही काढावं लागत नाही, आणि ज्याची कमाई बंद पडली आहे त्याच्या डोक्यावर आणखी एक हप्ता चढतो. मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, वादळानंतर छपराला रोख द्या, वीज लवकर आणा आणि हप्त्याबरोबर व्याजही थांबवा. खोल्या बांधायचं कर्ज चांगल्या दिवसांत द्या. या हिशेबानं तुझी योजना बरी, ती संकटात नाही तर बऱ्या दिवसांत आली आहे, हे मान्य करतो. गाव उभं राहिलं ते विजेचे खांब उभे राहिले, रस्ते मोकळे झाले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये अंगारकीला गणपती पुन्हा बसला तेव्हा. त्या दिवशी फाटकासमोर गाड्यांची रांग लागली होती आणि आईनं घामाघूम होऊन मला हाक मारली होती, नारळ खवायला ये म्हणून.

बापानं मुलीला प्रत्येक वाटेवरचा खड्डा दाखवत बसू नये, हे मला कळतं. रविवारी जेवताना तेच झालं आणि तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला भाषण द्यायचं नव्हतं, माफ कर. तू परत येतेस याचा आनंद इतका आहे की मी तो कुणापाशी बोललोसुद्धा नाही. इथल्या घराघरांतली पोरं मुंबई-पुण्याला गेली, आणि तू उलटी निघालीस. मला भीती वाटते ती पुन्हा एखादा असा जून येण्याची. तेव्हा मी असेन-नसेन, आईचे गुडघे हे असे, आणि तू एकटी बँकेच्या फोनला उत्तर देत बसशील.

म्हणून एक सुचवतो, रागावू नकोस. चार नको, दोन खोल्या काढ. साडेसात लाख घे. त्याच दरानं सात वर्षांचं एकूण व्याज ३ लाख ६२ हजारांच्या आसपास होतं, म्हणजे ते सगळं साडेचार लाखांच्या आत बसतं. परताव्याचा खरा फायदा तिथं आहे. बाकीच्या दोन खोल्या कमाईतून, दोन-तीन हंगामांनी. बँकेला तीन गोष्टी विचार आणि लेखी घे: पावसाळ्यात हप्ता कमी करून हंगामात जास्त भरता येईल का, आपत्ती जाहीर झाली तर हप्ता थांबेल का आणि व्याजाचं काय, आणि विम्यात वादळ-पूर दोन्ही आहेत का. विमा घेतल्याशिवाय पाया खणायचा नाही, एवढं माझं ऐक.

संमतीपत्रावर सही केलेली नाही, नाकारलेलीही नाही. बापूकाकाची सही लागेल, तो दिवाळीला येतोय. त्याच्याशी मी बोलतो, तू बोलू नकोस, त्याला अजून त्या विहिरीचं मनात आहे. नोकरीचा राजीनामा दिला नसशील तर तोवर थांबव. दिला असशील तर तसं सांग, मी काही म्हणणार नाही.

आईनं सांडगे आणि कोकम बांधून ठेवलं आहे. शनिवारी येणार असलीस तर कळव.

तुझे,
बाबा

ता. क. साडेसात लाखांचा हप्ता १३,२४० येतो. गेल्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे काय जमलं ते आईच्या वहीत आहे, आल्यावर दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघ.