पत्रा वाजवून गाडी कळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवी गाडी बघायला गेलेला माणूस शोरूममध्ये आधी बोनेटवर बोटे वाजवतो आणि मान हलवतो : ‘पत्रा पातळ आहे हो, अ‍ॅम्बॅसिडरची बात निराळी.’ आपल्या पत्रांच्या सदरातही हा सूर अधूनमधून लागतो. उभी नोकरी चाकण-भोसरी पट्ट्यातल्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून गाडीचे भाग बनवणाऱ्या विभागात काढली, म्हणून थोडे लिहितो.

बोनेटचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर असतो, आणि धडकेत आतल्या माणसाला वाचवण्याची जबाबदारी त्याच्यावर नसतेच. ती असते आतल्या सांगाड्यावर. दोन दारांमधला खांब, म्हणजे बी पिलर, बऱ्याच नव्या गाड्यांत बोरॉनयुक्त पोलादाचा असतो. हा पत्रा 900 अंश सेल्सिअसच्या वर लाल तापवतात, तसाच प्रेसमध्ये घालतात आणि आतून पाणी खेळवलेल्या डायमध्येच, म्हणजे साच्यातच, काही सेकंदांत गार करतात. साध्या पत्र्याची ताणशक्ती, म्हणजे तुटण्याआधी तो पेलतो तो ताण, 300 मेगापास्कलच्या आसपास, तर या डायमधून निघालेल्या तुकड्याची 1500 च्या घरात. उलट गाडीचे नाक मुद्दाम चुरगळेल असेच बनवलेले असते. अपघातानंतर ‘पार डबा झाला’ म्हणून फोटो फिरतात, त्यांत दारे उघडतात का आणि खांब सरळ आहेत का, एवढे पाहावे.

एवढ्यावरून कंपन्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवा, असे मात्र मी म्हणणार नाही. जपानच्या कोबे स्टीलने 2017 मध्ये अ‍ॅल्युमिनियम व तांब्याच्या मालाची खोटी आकडेवारी दिल्याची कबुली दिली, आणि तो माल मोटार कंपन्यांपर्यंत पोचलेला होता. 2023 मध्ये दायहात्सू या जपानी मोटार कंपनीने सुरक्षा चाचण्यांतच वर्षानुवर्षे हातचलाखी केल्याचे बाहेर आले. आपल्याकडे 1 ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप, म्हणजे धडकेत गाडी किती सुरक्षित हे तपासणारे मूल्यांकन, आले; त्यात ताशी 64 किलोमीटर वेगाने गाडी आदळून पाहतात. चांगलेच झाले; पण ते ऐच्छिक आहे, आणि तपासली जाते ती कोरी गाडी.

खरी गोम पुढे आहे. गेल्या पावसाळ्यात पुतण्याच्या गाडीला बाजूने टेम्पो बसला. गॅरेजात गेलो तर डेंटर बी पिलरला साखळी लावून, गॅसच्या ज्योतीने तापवून ओढत होता. थांबवले, तर म्हणाला, ‘काका, वडिलांपासून आम्ही असंच काढतो.’ त्याचे कसब वादातीत. जुन्या गाडीचा पत्रा त्याने खरोखर बेमालूम काढला असता. पण हे पोलाद गॅसवर लाल करून हवेत निवू दिले, की डायमध्ये कमावलेली ताकद जाते आणि परत येत नाही. वरून लांबी (पुट्टी) आणि रंग चढला की कुणाला पत्ताही लागत नाही. असा खांब सरळ करायचा नसतो. कंपनीने ठरवलेल्या जागी कापून नवा बसवायचा असतो. ती जागा कोणती, हे विचारायला एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. ‘ते ड्रॉइंग बाहेर देत नाही,’ म्हणाले. मग नाक्यावरच्या डेंटरने ते शिकायचे कुठून?

गाडीतल्या कुठल्या भागाला उष्णता चालत नाही, कुठे कापायचे, कुठे स्पॉट वेल्डिंग करायचे, याचा नकाशा प्रत्येक मॉडेलसाठी मराठी-हिंदीत, फुकट आणि सर्वांना मिळावा, अशी सक्ती केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने करावी. आयटीआयमध्ये त्याचे आठवड्याभराचे वर्ग घेता येतील. विमा कंपन्यांच्या सर्व्हेअरनेही बिलावर सही करताना पिलर बदलला की ओढून सरळ केला, हे लिहून द्यावे. सध्या क्लेमच्या कागदावर ‘डेंटिंग-पेंटिंग’ एवढेच असते, आणि पुढे ती गाडी सेकंडहँड घेणाऱ्याच्या हाती तर तेवढाही कागद पडत नाही.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार, चिंचवड