पाठ टेकल्यावर पुढं काय

प्रिय संत्या,

परवा फोनवर तू विचारलंस, अरे पाठ टेकली की कुस्ती संपली, मग तुम्ही तिथं खाली पडून करता तरी काय. तेव्हा नीट सांगता आलं नाही म्हणून आता लिहायला बसलोय, जरा मोठं होईल पत्र, सवडीनं वाच.

आपण तालमीत इतकी वर्षं एकच शिकलो ना, समोरच्याला आस्मान दाखवायचं की निकाल. मी हल्ली शिकतोय त्या ब्राझिलियन जिऊ-जित्सूत मात्र गडी स्वतःहून पाठीवर जातो आणि दोन्ही पाय तुझ्या आणि त्याच्या मधे आणतो. त्याला गार्ड म्हणतात. तिथून तो गळा दाबतो, हात मोडायला घेतो, तुला उलटवून वर येतो, म्हणजे खालचा माणूस हरलेला नसतोच. आपलं काम काय, तर त्या पायांना वळसा घालून पलीकडं जायचं आणि त्याला छातीखाली दाबायचं. हाच गार्ड पास. मॅचमध्ये खाली पाडलं तर 2 पॉइंट, गार्ड पास केला तर 3. आणि नुसते पाय ओलांडून भागत नाही, पलीकडं जाऊन 3 सेकंद धरून ठेवावं लागतं, तेव्हाच ते 3 मिळतात.

सुरुवातीचे सहा महिने मला एकही पास जमला नाही. मी 84 किलोचा, समोर साठेक किलोचा कॉलेजचा पोरगा. त्यानं माझ्या दोन्ही बाह्या मुठीत धरलेल्या, तळपाय माझ्या दंडांवर रोवलेले, आणि मी पट काढायच्या सवयीनं एक हात त्याच्या मांडीखाली घातला. झालं! दुसऱ्या पायानं मान अडकवली, माझाच खांदा एका बाजूनं माझ्या गळ्यात रुतला, डोळ्यापुढं अंधारी यायला लागली आणि मी टॅप केलं, म्हणजे हातानं थोपटून हार मानली. असं रोज व्हायचं. शेवटी कोचनी बाजूला घेऊन सांगितलं की दोन्ही हात पायांच्या आत ठेव नाहीतर दोन्ही बाहेर, एक आत एक बाहेर कधीच नको. संत्या, हे आधी पाठ कर, बाकी सगळं नंतर.

आता मला सगळ्यात आवडणारा पास सांगतो, नी कट. उजवा गुडघा त्याच्या दोन पायांच्या मधून घालायचा आणि त्याच्या उजव्या मांडीवरून तिरका खाली घसरवायचा, माझी नडगी त्याची मांडी मॅटला दाबून ठेवते. डाव्या हातानं त्याची उजवी बाही वर ओढायची. पण खरी झुंज गुडघ्याची नाहीच, बगलेची आहे. माझा उजवा हात त्याच्या डाव्या बगलेतून गेला तर तो पाठीवर सपाट राहतो, आणि त्याचा हात माझ्या बगलेतून आला तर तो कुशीवर वळून थेट माझ्या पाठीवर येतो. एवढ्या वितभर जागेसाठी मिनिट मिनिट झगडा चालतो बघ! बगल मिळाली की डोकं खाली, छाती छातीला, सगळं वजन त्याच्यावर सोडायचं आणि थांबायचं. बहुतेक वेळा घोटा मागं अडकलेला असतो, त्यानं दोन पायांत पकडलेला, त्याला हाफ गार्ड म्हणतात आणि तिथं पॉइंट नाही. मी तिथंच हिसडा मारायचो आणि सगळं घालवायचो. आता आधी त्याचे खांदे दाबून ठेवतो, मग डाव्या पायानं त्याचा गुडघा ढकलत ढकलत घोटा सोडवतो, घाईच करत नाही.

लिआंद्रो लो म्हणून साओ पावलोचा एक खेळाडू होता, त्याचे व्हिडिओ पाठवतो. 8 वेळा वर्ल्ड चॅम्पियन, तेही 5 वेगवेगळ्या वजनगटांत. टोरियांडो पास आणि नी कट बघावेत तर त्याचे. टोरियांडो म्हणजे बैलाशी खेळणारा लाल कापड बाजूला घेतो तसं समोरच्याचे पाय धरून एका बाजूला फेकायचे आणि आपण दुसरीकडून जायचं. 2022 मध्ये लिआंद्रोला गोळी घालून मारलं, 33 वर्षांचा होता. बातमी वाचून मला त्या दिवशी मॅटवर जाववलं नाही. ज्याचं बघून बघून आपलं अंग वळलं तो माणूस असा जावा, लई वाईट वाटलं.

मागच्या गुरुवारी त्याच साठ किलोच्या पोराला मी पहिल्यांदा पास केलं. बाहीची पकड तोडली, गुडघा घातला, बगल मिळाली. घोटा अडकला तेव्हा तसाच पडून राहिलो, त्याचा श्वास माझ्या छातीखाली वर खाली होताना कळत होता. मग तो कूस बदलायला लागला आणि तेवढ्यात घोटा सुटला. मनातल्या मनात एक, दोन, तीन मोजलं. नंतर त्यानंच उठून मिठी मारली आणि लगेच विचारलं, बगल नक्की कधी घेतलीस, परत दाखव.

तुझा गुडघा बरा असेल तर दिवाळीनंतर ये पुण्याला. तुझा दस्तीचा हात मला आठवतोय, मनगट धरलंस की कुणाला सुटायचं नाही, इथं बाहीची पकड तोडायला अगदी तोच हात लागतो. माझ्याकडं जादाचा गी, म्हणजे खेळायचा जाड कापडाचा पोशाख, आहे, तुला खांद्यात जरा आवळेल पण चालेल. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सच्या