जॅकोबी कुठल्या गावचा?

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

आयर्विन पुलाखालचं पाणी उतरायला लागलं म्हणे. तरी गॅसची टाकी आणि कागदपत्रं माळ्यावरच राहू द्या.

आई फोनवर म्हणाली, बाबा महिनाभर ब्रिजच्या पत्त्यांना गेले नाहीत. हुकूम मोजताना एक चुकला, ठरलेली बोली एका हाताने बुडाली आणि भागीदार काका चारचौघांत बोलले, एवढंच ना? बाबा, तुम्हीही त्यांना कमी बोलला नाहीत आजवर. 'जॅकोबी विसरलास का?' हे ओरडणं आपल्या गेटपर्यंत यायचं. मला वाटायचं, जॅकोबी म्हणजे मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातला कुणी डॉक्टर असणार, पत्त्यांना दांडी मारणारा.

परवा त्याच्याबद्दल वाचलं. ऑस्वाल्ड जॅकोबी, जन्म 1902, ब्रुकलिन. धंद्याने तुमच्याच विमा खात्यातला! एकविसाव्या वर्षी अ‍ॅक्च्युअरी, म्हणजे विम्याची गणितं मांडणारा. तुमच्या ऑफिसात त्या परीक्षेचा एकेक पेपर सुटायला लोकांना वर्षं लागायची ना? आणि रुसून उठणं त्यालाही चुकलं नाही. 1931-32 मध्ये नावाजलेल्या कल्बर्टसनविरुद्ध 150 रबरांचा, म्हणजे फेऱ्यांचा, सामना होता. 103 झाल्यावर भागीदार लेन्झशी बिनसलं आणि हा उठून गेला. पण खेळ सोडला नाही. भागीदाराने 'एक नो ट्रम्प' (हुकूम नको) म्हटल्यावर हातात पाच बदाम असले तर 'दोन चौकट' बोलायचं, म्हणजे बदाम तो बोलतो, डाव तोच खेळतो आणि त्याची भारी पानं झाकलेली राहतात, ही तुमची लाडकी 'जॅकोबी' बोली त्याने 1956 मध्ये मांडली. 1983 च्या नोव्हेंबरात, एक्याऐंशी पुरी व्हायच्या आत, अमेरिकेतली रायझिंगर स्पर्धा त्याच्या संघाने जिंकली. पुढच्या जूनमध्ये गेला. तुम्ही अजून चौऱ्याहत्तरचे आहात.

आई, तुझ्यासाठीही त्याच्याकडे काही आहे. तो बॅकगॅमनचाही चॅम्पियन. आपल्या सारीपाटाचाच भाऊबंद खेळ: दोन फासे, प्रत्येकाच्या पंधरा सोंगट्या. समोरच्याची एकही सोंगटी बाहेर पडायच्या आत आपल्या सगळ्या काढल्या तर दुप्पट गुण. पण जॅकोबीचा नियम असा की, डावाची किंमत आधी कुणी दुप्पट केलेली नसेल तर ते जादा गुण मिळत नाहीत. त्यामुळे जिंकत आलेला माणूस डाव उगाच रेंगाळत ठेवत नाही. पट घेतलाय, गणपतीत आणते. तुझं दान कसं पडतं ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, तेव्हा बाबांनी आधीच विचार करावा.

आणि बाबा, काकांचा मला दोनदा फोन येऊन गेला. हवापाणी, पूर, मुलांच्या शाळा, सगळं विचारून झालं. तुमचं नाव काढलं नाही, फोन मात्र ठेवेनात. गुरुवारी पत्त्यांना तुम्हीच जा.

येताना पुण्याहून काय आणू ते कळवा. भडंग मात्र मी तिथूनच नेणार.

तुमची,
ताई