माझं माहेरचं आडनाव

चि. रेवास अनेक आशीर्वाद.

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण विषय काढला की तू "हो गं आई, माहितीये" म्हणून मोकळी होतेस. म्हणून लिहितेय. रागावलेली नाही, आधीच सांगते.

परवा कोयना एक्सप्रेसमध्ये साताऱ्याला तुला मेसेज आला, कार्डावर ४,२०० रुपयांची खरेदी. तू काही घेतलं नव्हतंस. गूगलवर बँकेचा नंबर शोधत न बसता तू कार्ड उलटं करून मागचा नंबर लावलास. मनातल्या मनात मी शाबासकीही दिली. पण वाठार मागे पडून आदर्कीचा घाट लागला, रेंज जायला लागली आणि तुझा आवाज चढत गेला. कार्डाचे शेवटचे चार आकडे. जन्मतारीख, सालासकट, दोनदा. मोबाइल नंबर. आणि शेवटी माझं माहेरचं आडनाव. तिकडच्या मुलीला कळेना म्हणून एकेक अक्षर सुटं करून. समोरचे काका भडंगाचा घास हातात धरून ऐकत होते. ते भले गृहस्थच असतील. पण नसते तर त्यांना आणखी काय हवं होतं?

मला मात्र गंमत वाटली. त्या आडनावाने मला गेली ३१ वर्षं कुणी हाक मारलेली नाही. रेशनकार्डावरून ते गेलं, पासबुकावरून गेलं. उरलंय ते फक्त बँकेच्या प्रश्नात. आणि तिथेही ते कसलं गुपित? तुझ्या दादाच्या लग्नपत्रिकेत मामामंडळी आडनावासकट ओळीने छापली होती आणि त्या पत्रिकेचा फोटो आपणच चार ग्रुपवर पाठवला होता.

मी बँकेत काउंटरवर असताना माझ्यासमोर माणूस उभा असायचा. सही जुळली नाही तर चेहरा बघता यायचा, चेहऱ्याचा भरवसा वाटला नाही तर साहेबांकडे पाठवता यायचं. फोनवर बँकेकडे यातलं काही नाही, म्हणून ती प्रश्न विचारते. प्रश्न कच्चे आहेत, हे बँकेलाही ठाऊक आहे. म्हणूनच महत्त्वाच्या कामाला ती वर ओटीपी किंवा टेलिफोनचा पिन मागते. तो पिन तू बटणं दाबून द्यायचा असतो. तो यंत्राकडे जातो आणि बोलणाऱ्या मुलीला तो सांगायची कधीच गरज पडत नाही. कुणी "आकडे बोलून दाखवा" म्हटलं की समजायचं काय ते.

आणि बटणांनाही आवाज असतो. प्रत्येक बटण दोन सूर मिळून वाजतं. दहा आकड्यांचे दहा वेगळे आवाज. ते कुणी टिपून ठेवले तर त्यातून आकडे परत काढता येतात. त्यामुळे स्पीकर लावून पिन दाबू नकोस. हॉटेलच्या खोलीतल्या किंवा ऑफिसातल्या फोनवरूनही नको, काही फोन कॉल लागल्यावर दाबलेले आकडेसुद्धा रिडायलमध्ये ठेवतात.

परवा बोलायची गरजच नव्हती, हेही सांगते. कार्ड हवं तेव्हा बंद-चालू करण्याची सोय बँकांनी २४ तास द्यायची, असं रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये सांगितलंय. ॲपवर आणि बँकेला फोन लावल्यावर बोलणाऱ्या यंत्रावरही. कार्ड गप्पपणे बंद करायचं, बाकीचं घरी पोहोचून दार लावून बोलायचं. पैसे जात असताना घाट संपायची वाट बघ, असं मी म्हणत नाहीये.

आता माझी एक चूक सांगते. तुझ्या बाबांनाही ती अर्धीच माहीत आहे.

नोकरीला लागून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती. तालुक्याच्या शाखेत होते. काळा फोन, शेजारी लेजरची चळत. दुपारी फोन आला, "मी अमुक गुरुजींचा मुलगा बोलतोय, बाबांचे फंडाचे पैसे जमा झाले का?" गुरुजी ओळखीचे, मुलाचा आवाजही ऐकलेला. मी लेजर ओढलं, पान काढलं आणि अगदी हौसेने आकडा वाचून दाखवला, पैशांसकट.

आठवड्याने गुरुजी आले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हळूच म्हणाले, "बाई, माझ्या खात्यात किती आहेत हे तुम्ही कुणाला सांगितलंत का?" त्यांनी ती रक्कम धाकट्या मुलीच्या लग्नापर्यंत घरात कळू द्यायची नाही असं ठरवलं होतं. मुलाला दुकान टाकायचं होतं. घरात दोन दिवस जेवणं झाली नव्हती. मी सॉरी म्हटलं. ते म्हणाले, "असू द्या, तुम्ही नवीन आहात." तक्रार केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, इतकी वर्षं टोचलं नसतं.

यात फसवणूक कुठेच नव्हती, बघ. फोन करणारा खरोखर मुलगाच होता. ओळख पटली होती आणि तरी मी सांगायला नको होतं. रुजू होताना गोपनीयतेच्या कागदावर मी सही केली होती, पण सह्या तेव्हा आपण ढिगाने करतो.

पुढे सीएआयआयबी या बँकवाल्यांच्या परीक्षेचा पहिला भाग द्यायला बसले तेव्हा टूर्निएचा खटला वाचला, इंग्लंडातला, १९२४ चा. बँकेने ग्राहकाची माहिती गुप्त ठेवावी, याबद्दल आजही त्याचाच दाखला देतात. झालं होतं इतकंच की खातेदारावर नऊ-साडेनऊ पौंडांचं देणं होतं, हप्ते थकले होते. त्याचा पत्ता हवा म्हणून मॅनेजरने तो काम करायचा त्या कंपनीत फोन लावला आणि बोलण्याच्या ओघात देणं थकल्याचं, शिवाय पैसे सट्टेवाल्याकडे जात असल्याचंही सांगून टाकलं. त्या माणसाची नोकरी पुढे चालू ठेवली गेली नाही. अपील कोर्टाने म्हटलं, गुप्तता हा खातेदाराशी असलेल्या कराराचाच भाग आहे. कायद्याचा हुकूम, जनहित, बँकेचं स्वतःचं हित किंवा ग्राहकाची संमती असल्याशिवाय ती मोडता येणार नाही. एवढा मोठा दाखला, आणि त्याच्या मुळाशी एक फोन! वाचता वाचता गुरुजींची टोपी डोळ्यांसमोर आली.

म्हणून सांगते, लग्नानंतरसुद्धा, नवरा कितीही चांगला असला तरी, "माझ्या वतीने फोन करून विचार" म्हणून पिन देऊ नकोस. त्याचाही घेऊ नकोस. एकमेकांना सांगायचं ते आपल्या तोंडाने सांगा.

उलटी बाजूही आहे. बँक तुझी ओळख विचारते, तशी तुलाही बँकेची ओळख विचारायचा हक्क आहे, आणि फोन आलेला असेल तर ती विचारायचा एकच खात्रीचा मार्ग आहे: फोन ठेवायचा आणि कार्डामागचा नंबर आपण लावायचा. खरी बँक रागावत नाही. तुझ्या कार्डाचे शेवटचे चार आकडे फोन करणाऱ्याला माहीत आहेत म्हणून तो बँकेचा ठरत नाही, ते तर पेट्रोलपंपाच्या पावतीवर पण असतात. बँकांनी कामाचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून करावेत, जाहिरातीचे १४० वरून, असं रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या जानेवारीत सांगितलं. चांगलं झालं. पण बँकेच्या नावाने साध्या दहा आकडी मोबाइलवरून फोन आला तर शंका घ्यायला ते पुरेसं आहे, १६०० वरून आला म्हणून पिन सांगायला नाही.

पैशाचा नियम तुला तोंडपाठ हवा. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने लिहिलं की चूक ना तुझी ना बँकेची, तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि बँकेकडून कळल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तू कळवलंस, तर तुझ्यावर काहीच बोजा नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर साध्या बचत खात्याला १०,००० पर्यंत. पण पिन किंवा ओटीपी तूच दिला असशील तर कळवेपर्यंत झालेलं सगळं नुकसान तुझं. कळवल्यानंतर गेलं तर बँकेचं. म्हणून कळवण्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेव. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकालाही लगेच फोन लाव. आणि फोनवर मध्येच "नो सर्व्हिस" आलं आणि शेजारणीचा त्याच कंपनीचा फोन चालत असेल, तर टॉवरला दोष देत बसू नकोस. तुझ्या नंबरचं दुसरं सिम कुणी काढलं नाही ना, ते कंपनीकडे विचार.

त्या ४,२०० चं काय झालं ते कळव. तक्रार क्रमांक घेतला होतास का? घाटात मला तो ऐकू आला नाही, बाकी सगळं आलं.

कुरियरने डबा पाठवलाय. वर शेंगदाण्याची चटणी, खाली बेसनाचे लाडू, काकांकडे बघून भडंगही आणलं. देणारा मुलगा कोड विचारेल. तो सांग, पण दारात, डबा हातात आल्यावर.

तुझी,
आई