‘घरी न्या, सेवा करा’, पण कशी?

महोदय,

कॅन्सरचे उपचार थांबवायची वेळ आली की आपल्याकडे डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात, ‘आता घरी न्या, सेवा करा.’ सेवेला कुणाची ना नसते. पण दुखणं अनावर झालं तर काय द्यायचं, मध्यरात्री धाप लागली तर कुणाला फोन करायचा, यातलं काहीच डिस्चार्ज कार्डावर नसतं. माझ्या वडिलांना जबड्याचा कॅन्सर होता. एका मोठ्या रुग्णालयाने आम्हालाही असंच परत पाठवलं. हॉस्पिसचा, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांचं दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या केंद्राचा, पत्ता पुढे ओळखीतल्या एका नर्सबाईंकडून मिळाला, तोही बोलण्याच्या ओघात. ज्यांच्या ओळखीत कुणी नर्सबाई नाहीत, त्यांचं काय होत असेल, या विचारानेच हे पत्र लिहीत आहे.

हॉस्पिसचं नाव काढलं की लोक दचकतात. आमच्या भावकीतही ‘बापाला मरायला नेऊन टाकलं’ असं बोललं गेलं. प्रत्यक्षात वडील तिथे थोडेच दिवस होते. दुखणं आटोक्यात आलं आणि ते घरी परतले. पुढचं सगळं घरीच झालं. त्या मुक्कामात तिथल्या नर्सनी आईला हाताला धरून शिकवलं: कूस कशी आणि किती वेळाने बदलायची, खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने तोंड कसं पुसून घ्यायचं. गालावरच्या जखमेला वास सुटला होता. त्यांनी मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून तिची पूड जखमेवर टाकायला दिली. अगदी स्वस्त गोळी. वास कमी झाला, तसा माझा मुलगा पुन्हा आजोबांच्या खाटेवर जाऊन बसायला लागला. वडिलांना इतके दिवस दुखण्यापेक्षा त्याचं दूर राहणंच जास्त लागलं असावं.

दुखण्यावर त्यांना मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या, दुखायची वाट न पाहता ठरल्या वेळी. मॉर्फिनने पोट घट्ट होतं, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध. ‘सवय लागेल’, ‘हे दिलं म्हणजे संपलंच’ असं आम्हाला कितीतरी जणांनी ऐकवलं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली नीट बेतून दिलेल्या मॉर्फिनने मरण लवकर येत नाही. झोप येते, चार घास जातात, माणूस बोलायला लागतो. आपल्या देशात अफूची कायदेशीर शेती होते. तरीही १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या जाचामुळे हे औषध बहुतेक रुग्णालयांतून जवळजवळ नाहीसं झालं. २०१४मध्ये कायदा सुधारला, मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. कायदा बदलला, पण डॉक्टरांच्या आणि औषध दुकानदारांच्या मनातली धास्ती तशीच आहे.

औषधापलीकडचीही एक गोष्ट सांगते. ‘बाबांना काही कळू देऊ नका’ हे आम्ही घरात ठरवून टाकलं होतं. हॉस्पिसमधल्या समुपदेशक ताईंनी वडिलांना एवढंच विचारलं, ‘काका, तुम्हाला काय वाटतंय?’ वडील म्हणाले, ‘मला सगळं ठाऊक आहे, पण आमच्या हिला सांगू नका.’ त्यानंतर घरातलं अवघडलेपण गेलं. सोसायटीचं कर्ज किती राहिलंय, उसाचं बिल कुठे अडकलंय, कुणाचे हातउसने द्यायचेत, हे त्यांनी मला वहीत लिहून घ्यायला लावलं. आईशी ते तासन्‌तास बोलत बसायचे. ते गेल्यावर, दिवसकार्य आटोपून पाहुणे पांगले तेव्हा त्या ताईंचा फोन आला. आई जेवते का, झोपते का, याची चौकशी करायला.

हे काही नवं नाही. ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस १९६७मध्ये सुरू केलं. मुंबईत वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६मध्ये शांती आवेदना सदन उभारलं. ते देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याचं सिप्लाचं असंच केंद्र १९९७पासून चालू आहे. दोन्हीकडे कॅन्सरच्या रुग्णांची सेवा विनामूल्य होते. पण गडचिरोलीच्या किंवा माणदेशातल्या माणसाने मुंबई-पुण्याला यायचं कसं? शिवाय ही गरज काही कॅन्सरपुरतीच नाही. किडनी निकामी झालेले, फुप्फुसांच्या जुन्या आजाराने धापा टाकणारे, स्मृतिभ्रंशाने अंथरुणाला खिळलेले, यांच्याही घरात तेच हाल असतात.

केरळने २००८मध्ये यासाठी राज्याचं धोरण आणलं. तिथे पंचायतीच्या खर्चाने नर्स घरोघर जातात, गावातले स्वयंसेवक त्यांच्या सोबत असतात. आपल्याकडे आशाताई आहेत, उपकेंद्रं आहेत, पंचायतींकडे निधीही येतो. त्यांना हे काम शिकवायला हवं. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि उपजिल्हा रुग्णालयात तोंडाने घ्यायचं मॉर्फिन आणि ते लिहून देणारा प्रशिक्षित डॉक्टर असायला हवा. आणि ‘घरी न्या’ म्हणणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाला, सरकारी असो की खासगी, डिस्चार्ज कार्डावर जवळच्या पॅलिएटिव्ह, म्हणजे अशी त्रास कमी करणारी सेवा देणाऱ्या, केंद्राचं नाव व फोन नंबर लिहिणं आरोग्य खात्याने सक्तीचं करावं. या शेवटच्या गोष्टीला तर पैसाही लागत नाही.

आपली,
एक वाचक, सातारा