‘मी काय शिकले’ची दोन पाने

महोदय,

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या भाचीचा परवा फोन आला. ‘मावशी, तुझं प्रशिक्षणातलं चिंतन लेखन असेल तर फोटो पाठव ना. उद्या जमा करायचंय.’ तिच्या अभ्यासक्रमावर माझे चिंतन! आधी हसू आले, मग जरा लाज वाटली. कारण ती मागत होती ते माझेही नव्हतेच.

मी बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या एका दोनशिक्षकी शाळेत आहे. बारा वर्षे सेवा झाली म्हणून वरिष्ठ वेतनश्रेणीचे प्रशिक्षण केले. शेवटच्या दिवशी दुपारी, सगळ्यांचे लक्ष एस.टी.च्या वेळेकडे असताना, सूचना आली: ‘प्रशिक्षणातून मी काय शिकलो’, दोन पाने, आजच. पाच मिनिटांत व्हॉट्सॲपच्या गटावर नमुन्याची पीडीएफ हजर. सगळ्यांनी मुकाट्याने उतरवायला घेतली. मीही.

उतरवताना डोके बाजूला काढून ठेवले होते, याचा पुरावा दुसऱ्या पानावर आहे: ‘आमच्या किनारपट्टीच्या शाळेत मासेमारीच्या हंगामात उपस्थिती घटते.’ बीडला समुद्र! आमच्याकडे पट रिकामा होतो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास, ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की. तपासणाऱ्यांनी नेमक्या त्याच वाक्याशेजारी बरोबरची खूण केली आहे. दहापैकी नऊ गुण. एक कशाचा कापला कोण जाणे, अक्षराचा असावा.

वाईट याचे की त्या दिवसांत मी एक गोष्ट खरोखर शिकले होते. प्रश्न विचारल्यावर आपण शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतो आणि दुसऱ्या मुलाकडे वळतो, असे एका सुलभकांनी, म्हणजे प्रशिक्षण घेणाऱ्यांनी, सांगितले. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी वर्गांतली ध्वनिमुद्रणे तपासून १९७० च्या दशकात हे मांडले. तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलतात. मी वहीच्या कोपऱ्यात नुसते ‘३ सेकंद’ लिहून ठेवले.

ऑगस्टमध्ये चौथीला अपूर्णांक घेताना ते आठवले. ‘अर्ध्या भाकरीतली अर्धी म्हणजे किती?’ विचारले, हात पाठीमागे बांधले आणि मनात मोजू लागले. तीन सेकंद किती लांब असतात ते वर्गासमोर गप्प उभे राहिल्याशिवाय कळत नाही. पुढचे दोघे नेहमीचे ‘बाई, मी सांगू?’ करत होते, त्यांना नजरेनेच बसवले. मग खिडकीशी बसणारी, टोळी गेली की आजीजवळ मागे राहणारी पोरगी म्हणाली, ‘चतकोर.’ शाळा सुरू झाल्यापासून वर्गात तिने आपणहून उच्चारलेला हा पहिला शब्द. मी फळ्यावर ‘पाव’ लिहिणार होते. ‘चतकोर’ लिहिले आणि त्याखाली १/४.

हे कुठेच लिहिले गेले नाही. लिहायची दोन पाने जूनमध्येच जमा झाली होती ना!

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे शिक्षकांनी दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यायचे आहेत. म्हणजे ही पानेही वाढत जाणार. माझे मागणे इतकेच, की ती शेवटच्या दुपारी घेऊ नका. दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्या, आणि विचारायचे ते एकच: वर्गात काय करून पाहिले आणि कुठे फसले? दहा ओळी पुरेत, गुण नकोत. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एकमेकांना वाचून दाखवता येतील. ‘काहीच उपयोग झाला नाही’ असे लिहिणाऱ्याला कारण मात्र लिहायला लावा, ते वाचण्यासारखे असेल.

भाचीला फोटो पाठवला नाही. इंटर्नशिपमध्ये कुठे फजिती झाली, एवढेच विचारले. वीस मिनिटे बोलत होती. ‘अगं, हेच लिही की,’ म्हटले, तर म्हणाली, ‘मावशी, एवढं खरं लिहिलं तर गुण जातील.’

(नाव छापू नये, ही विनंती.)

– एक प्राथमिक शिक्षिका, जि. बीड