निवाऱ्याच्या वहीत न येणारे विस्थापित

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नदीचे पाणी वाड्यात, म्हणजे गावातल्या वस्तीत, शिरले की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक आकडा हमखास असतो : इतक्या लोकांना सुरक्षित स्थळी हलवले. तो शाळेत किंवा पंचायतघरात उघडलेल्या निवाऱ्याच्या वहीतून येतो आणि तांदूळ, चादरी, औषधे त्याच आकड्यावर ठरतात. पण गोव्यात घर सोडावे लागलेले कुटुंब निवाऱ्यात जाण्याआधी बहिणीकडे, सासुरवाडीला किंवा चढावरच्या शेजाऱ्याकडे जाते. साळसारख्या सीमेवरच्या गावात तिळारी नदीचे पाणी वाढले, तर हा नातेवाईक दोडामार्गात, म्हणजे दुसऱ्या राज्यात असू शकतो. २३ जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी, डिचोली, फोंडा तालुक्यांत मातीची घरे पडली. अशा घराची भिंत पाणी ओसरल्यावरही दोन-तीन दिवसांनी बसते. तोवर निवारा बंद होतो आणि वहीच्या हिशेबाने विस्थापनही संपते.

विस्थापितांचा माग ठेवण्याची एक रुळलेली पद्धत जगात आहे. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने ती २००४ साली इराकमध्ये सुरू केली आणि पुढे युद्ध, भूकंप, पूर अशा सगळ्या प्रसंगांत वापरली. तिचा गाभा साधा आहे. दारोदार जाण्याआधी प्रत्येक वस्तीतल्या माहीतगार माणसांना ठरावीक दिवसांनी तेच ते प्रश्न विचारायचे : किती कुटुंबे गेली, कुठे गेली, किती आली, कुठून आली, किती परतली. १९१ पंचायतींच्या आपल्या राज्यात ही पद्धत प्रभागवार चालवणे मुळीच अवघड नाही. अवघड आहे ते माहीतगार कोण हे नीट ठरवणे.

एका प्रभागात किमान तीन माणसे हवीत आणि तीही तीन वेगळ्या धंद्यांतली. प्रत्येकाचा आकडा आपापल्या बाजूला झुकतो. पंचसदस्य मदत जास्त मिळावी म्हणून चढा सांगतो. भाड्याच्या खोल्यांचा मालक कमी सांगतो, कारण भाडेकरूंची पोलीस पडताळणी झालेली नसते. मुकादम त्याहून कमी सांगतो, कामगार कायद्याच्या धास्तीने. अंगणवाडी सेविकेचा आकडा सर्वांत भरवशाचा, पण तिच्या वहीत सहा वर्षांखालची मुले, गरोदर आणि स्तनदा माता असतात. एका खोलीत आठ जण राहणारे एकटे पुरुष तिला दिसतच नाहीत. ते किराणा दुकानदाराला, खानावळवाल्याला आणि पाच किलोचा गॅस सिलिंडर देणाऱ्याला माहीत असतात. या तिघांपैकी एकाला विचारल्याशिवाय औद्योगिक वसाहतीच्या आसपासचा कोणताही आकडा धरू नये. प्रभागातल्या तीन माहीतगारांच्या उत्तरांत पाचव्या हिश्शापेक्षा कमी फरक असेल तर मधले उत्तर घ्यावे. फरक जास्त असेल तर सरासरी काढत बसू नये, माणूस पाठवून घरे मोजावीत.

मोजणीची वेळ हा दुसरा घोळ. सकाळी अकराला निवाऱ्यात गेलेल्या कर्मचाऱ्याला म्हातारी माणसे आणि मुले भेटतात, बाकीचे कामावर किंवा घरातला चिखल काढायला गेलेले असतात. तो ‘बहुतेक लोक परतले’ असे लिहितो आणि रात्रीचे जेवण कमी पडते. मोजणी रात्री आठनंतर किंवा पहाटे करावी. प्रश्नही ‘इथे किती जण आहेत’ असा न ठेवता ‘काल रात्री इथे कोण झोपले’ असा असावा.

तिसरी चूक बेरजेची. निवाऱ्यात ४० माणसे तीन रात्री राहिली, तर रोजच्या नोंदींची बेरीज १२० होते. जेवणाच्या खर्चासाठी ती बरोबर आहे, पण विस्थापित ४० च. अहवालात हे दोन आकडे वेगळ्या रकान्यांत नसतील तर वरच्या कार्यालयात कुणीतरी चुकीचा उचलणारच. जागतिक आकडेवारीतही हा भेद असतो : वर्षभरात किती वेळा घर सोडावे लागले हा एक आकडा आणि वर्षअखेर किती लोक घराबाहेर आहेत हा दुसरा. पहिल्यात एकच माणूस तीनदा येऊ शकतो आणि आधीच खबरदारी म्हणून हलवलेलेही धरलेले असतात.

दुबार नोंद टाळायला नावावर विसंबता येत नाही. कन्नड किंवा ओडिया माणसाचे नाव तीन कारकून तीन तऱ्हांनी लिहितात. कुटुंबप्रमुखाचे नाव, मूळ वाडा, घरातली माणसे आणि फोनचे शेवटचे चार अंक अशी चार खुणांची ओळख ठेवली, तर शाळेतून आत्याकडे गेलेले कुटुंब दुसऱ्यांदा नवे म्हणून धरले जात नाही. गावांसाठी तर नावाऐवजी केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला सांकेतिक क्रमांकच वापरावा. डिचोली, काणकोण, साखळी यांची स्पेलिंगे देवनागरीशी जुळत नाहीत आणि संगणक त्यांना वेगळी गावे समजतो. कोबो टूलबॉक्ससारखे माहिती गोळा करण्याचे मोफत साधन नेटवर्क नसतानाही फोनवर भरता येते आणि नंतर माहिती पाठवता येते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर वीज आणि मोबाइल दोन्ही कोलमडले होते, म्हणून प्रत्येक पंचायतीत छापील अर्जांचा गठ्ठाही ठेवावा.

मोबाइल कंपन्यांकडून सिमकार्डांच्या हालचाली मागवून हे सगळे घरबसल्या होईल, असे कुणी सुचवेल. २०१० च्या भूकंपानंतर हैतीमध्ये असा प्रयोग झाला आणि लोक साधारण कोणत्या दिशेला गेले हे कळायला त्याचा उपयोगही झाला. पण टॉवर बंद पडले की सिम नाहीसे होते, एका फोनवर पाच माणसांचे कुटुंब असते आणि एका माणसाकडे दोन सिमही असतात. चादरी किती पाठवायच्या हे त्यावरून ठरत नाही.

आता खरा गुंता. पूर आला तेव्हा किती लोक गेले हे सांगण्यासाठी, पूर येण्याआधी किती होते हे माहीत लागते. शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची, त्यात गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५. त्यानंतर उभ्या राहिलेल्या खोल्या आणि कामगार वस्त्या त्यात नाहीतच. शिवाय गोव्याची वस्ती महिन्यागणिक बदलते. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, तेव्हा ट्रॉलरवरचे परप्रांतीय खलाशी गावी जातात आणि ऑगस्टच्या तोंडावर परततात. बांधकाम मजुरांपैकी बरेच पेरणीला जातात. पर्यटनातले कामगार ऑक्टोबरपासून वाढतात. मे महिन्यात केलेली मोजणी जुलैच्या पुराला लागू पडत नाही आणि जुलैतली सप्टेंबरला. २०२४ च्या पावसाळ्यात दक्षिण गोव्यातल्या कुटबण या मासेमारी जेटीवर कॉलरा पसरला तेव्हा रुग्ण होते ते बोटींवरच राहणारे खलाशी. बोटीला घरक्रमांक नसतो, त्यामुळे अशी वस्ती कोणत्याही घरमोजणीतून सुटते.

मे २०२० मध्ये श्रमिक रेल्वेगाड्यांच्या वेळी स्थलांतरितांची गणना ऐनवेळी करावी लागली, ती याचमुळे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या नोंदणीचा कायदा १९७९ पासून होता. पण त्याची नोंद कंत्राटदारामार्फत, आणि स्वतःहून आलेला मजूर त्या कायद्यात बसतच नव्हता. ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांच्या नोंदणीचे ई-श्रम पोर्टल आले. त्यावर नाव आहे म्हणून माणूस आज गोव्यातल्या वेर्ण्यात आहे की बेळगावात, हे कळत नाही. रेशन दुकानातल्या यंत्राने दुसऱ्या राज्यातल्या कार्डावर धान्य दिले, तर ती नोंद मात्र ताजी असते. नागरी पुरवठा खात्याने दुकाननिहाय फक्त मासिक संख्या दिली तरी हंगामी चढउतार चांगला कळेल.

आकडा मिळाल्यावर त्याचे करायचे काय, हेही आधी ठरलेले असावे. आपत्तीतल्या मदतीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या स्फिअर मानकांनुसार निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर, म्हणजे साधारण ३८ चौरस फूट जागा लागते. २० बाय २५ फुटांच्या वर्गात १३ माणसे. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, म्हणजे ६० जणांना ९०० लिटर. सुरुवातीला ५० जणांमागे एक शौचालय चालते, मुक्काम लांबला तर २० जणांमागे एक. म्हणून अर्जात स्त्रिया, पाच वर्षांखालची मुले, साठीपुढचे, अपंग आणि रोजचे औषध लागणारे हे रकाने हवेतच. त्याहून लांब अर्ज पुरात कुणी भरत नाही, भरलाच तर मनाने भरतो.

एक गोष्ट निक्षून सांगायची. ही यादी पोलिसांच्या भाडेकरू पडताळणीला आणि कोमुनिदादच्या, म्हणजे गावसंस्थेच्या सामाईक, जमिनीवरील बांधकामांच्या खटल्यांना जोडू नये. तशी कुजबूज जरी झाली तरी दुसऱ्या फेरीत वस्ती रिकामी सापडेल आणि साथ आली तर रुग्णही लपतील. नावांची यादी मामलेदार कार्यालयातील ठरावीक दोन अधिकाऱ्यांकडेच राहावी. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचे फोटो फिरू नयेत. प्रसिद्ध करायचे ते प्रभागवार एकूण आकडे, आणि पाचपेक्षा कमी कुटुंबे असतील तिथे तेही नकोत. ‘भायले’, म्हणजे बाहेरचे, म्हणून कुणाला वेगळे मोजायचे कारण नाही. शेवटचे राहते ठिकाण विचारले की पुरते.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांनी यंदा निदान दोन ठिकाणी हे करून पाहावे. साळमध्ये जूनअखेर पुराआधीच्या वस्तीच्या मोजणीची एक फेरी, पाणी आले तर आठवडाभर रोज रात्री आणि पुढे चतुर्थीपर्यंत आठवड्याला एक. दोडामार्गच्या तहसीलदार कार्यालयाशी आकड्यांची देवाणघेवाण आधीच ठरवून ठेवावी. कुटबण जेटीवर पहिली फेरी ३१ जुलैच्या आधी आणि दुसरी २० ऑगस्टच्या सुमारास, बोटीनिहाय, तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, विचारून, हिंदी, कन्नड आणि ओडिया जाणणारा माणूस सोबत घेऊन.

आपला,
एक वाचक, डिचोली